मामंजी म्हणजे खरोखरचे मामा: मूळपेशी-दात्याच्या शोधाचं एक प्रकरण

चतुर्थी होऊन तीन आठवडे झाले होते. प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, तुमच्या बारा नमुन्यांतला शेवटचा परत पाठवावा लागेल. प्रत्येक जनुकाच्या जागी एकच प्रकार येतोय. दुसरा आमच्याकडे वाचला गेला नसावा." मी हो म्हटलं आणि वैतागले. बारा नमुने पाठवले होते, त्यातला नेमका हाच बिघडावा, आणि हा तर मी मुळात घ्यायचाच ठरवला नव्हता.

नमुना बिघडला नव्हता. तो असा का आला हे ज्या एका शब्दातून उलगडलं, तो शब्द मी त्याआधी चार महिने ऐकत होते. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे. कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पेशंट त्रेचाळीस वर्षांच्या, डिचोली तालुक्यातल्या, एका पतसंस्थेत क्लार्क. मी त्यांना वहिनी म्हणते. मे महिन्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मांडीवर न आपटता काळेनिळे डाग पडले. रक्ताचा कर्करोग निघाला, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. पहिल्या केमोने, म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन, आजार दबला. पण पेशींच्या गुणसूत्रांचा अहवाल वाईट होता. नुसत्या केमोवर थांबलो तर आजार परतणार, दुसऱ्या कुणाचा तरी मॅरो (हाडांतला मगज, ज्यातल्या मूळपेशी रक्त तयार करतात) लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भारतात हे काम पहिल्यांदा १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, वेल्लोरला १९८६ मध्ये सुरू झालं, आणि आमच्याकडचे पेशंट अजूनही बहुतेक त्याच दोन दिशा धरतात. माझं काम त्याच्या आधीचं: कुटुंबाला बसवून समजावणं, नमुने, पत्रव्यवहार, मेडिक्लेमचे कागद.

पहिल्या बैठकीत वहिनींचे दोन्ही भाऊ आले होते. थोरल्याने विचारलं, "आमचा रक्तगट एकच आहे, मग झालं ना?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि तो जुळला नाही तरी मॅरो देता येतो. जुळावे लागतात ते एचएलए नावाचे प्रकार, आणि त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका रांगेत बसलेली आहेत: ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ आणि आणखी काही. या जनुकांपासून पेशीच्या पृष्ठभागावर जी प्रथिनं तयार होतात, ती पेशीच्या पोटातले प्रथिनांचे तुकडे बाहेर काढून धरतात आणि गस्तीवरच्या टी-पेशी (परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) ते तपासतात. तुकडा ज्या खोबणीत बसतो तिथेच माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक. एकाच साच्याची खोबणी सगळ्यांना असती तर एखाद्या साथीने गावंच्या गावं साफ केली असती, म्हणून निसर्गाने हा गोंधळ जपला असावा असं मानतात. त्याची मोजदाद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत आजवर ४० हजारांहून अधिक प्रकारांना नावं दिली आहेत. ज्याँ दॉसे या फ्रेंच डॉक्टरने १९५८ मध्ये पहिला प्रकार वर्णिला, १९८० मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, तेव्हा हा पसारा एवढा होईल असं कुणाला वाटलं नसणार.

घरच्यांना मी हे एवढं सांगत नाही. सांगते ते असं: वडिलांकडे पत्त्यांचे दोन संच, आईकडे दोन. प्रत्येक मुलाला वडिलांचा एक आणि आईचा एक मिळतो, तोही सहसा न फुटता, अख्खा. म्हणजे दोन भावंडांत दोन्ही संच तेच येण्याची शक्यता चारात एक. दोन भाऊ असले तरी त्यांतला निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता ४४ टक्के, निम्म्याहून कमीच. "सख्खा आहे म्हणजे जुळणारच" हा समज मोडताना लोकांचे चेहरे बघवत नाहीत. कुणीतरी सख्खेपणावरच शंका घेतल्यासारखे ते बघतात.

थोरल्याचा एकही संच जुळला नाही. धाकट्याचा एक जुळला, पण त्याची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, डॉक्टरांनी त्याला बाजूला ठेवलं.

वहिनींचे दोन संच इथे सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. वडिलांकडून आलेला: ए*३३:०३, बी*४४:०३, डीआरबी१*०७:०१. आईकडून आलेला: ए*०२:११, बी*४०:०६, डीआरबी१*१५:०१. पहिला आकडा मोठा गट सांगतो, विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतरचा आकडा नेमकं प्रथिन सांगतो. त्या दोन टिंबांच्या उजवीकडे काय आहे यावर इथे माणसं जगतात-मरतात.

पहिला संच दक्षिण आशियात बऱ्यापैकी पसरलेला आहे, तो बघून बरं वाटलं. दुसऱ्यातले तुकडे सुटे सुटे ओळखीचे, पण ही अशी रांग लावून, सी आणि डीक्यूबी१ सकट, आमच्यापैकी कुणाच्या पाहण्यात नव्हती.

जगभरच्या नोंदणीत आजमितीला ४ कोटींहून अधिक दाते आहेत. त्याची सुरुवात १९७४ मध्ये लंडनमध्ये एका आईने केली, शर्ली नोलन यांनी, मुलगा अँथनीसाठी दाता मिळेना म्हणून. ४ कोटी हा आकडा ऐकून वहिनींच्या यजमानांनी हात जोडले. मी गप्प राहिले. ती यादी सगळ्यांची सारखी नाही. अमेरिकेतल्या नोंदणीवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबात युरोपीय वंशाच्या पेशंटला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के निघाली होती, दक्षिण आशियाई पेशंटला एक-तृतीयांशाच्या आसपास. यादीत जर्मन भरपूर, आपण कमी. भारतातली मोठी नोंदणी, चेन्नईची दात्री, २००९ पासून काम करते आणि तिच्याकडे ५ लाखांहून अधिक नावं आहेत. देशाच्या मानाने ही मूठभरच.

आणि नुसती संख्या वाढवूनही सगळं सुटत नाही, हे मला या धंद्यात पडल्यावर कळलं. ए*०१, बी*०८, डीआरबी१*०३ हा युरोपातला फार प्रसिद्ध संच. आपल्याकडेही बी*०८ आणि डीआरबी१*०३ जोडीने सापडतात, पण त्यांच्या शेजारी ए*२६ बसलेला असतो. रांग सारखी वाटते, पहिलाच पत्ता वेगळा. आपल्याकडे शतकानुशतकं जातीत, पोटजातीत, ठरलेल्या पाचपंचवीस गावांत लग्नं झाली. प्रत्येक गोतावळ्याचे काही संच त्या गोतावळ्यातच फिरत राहिले. जुळणी हवी म्हणजे दोन्ही संच एकाच माणसात हवेत. समजा, एक संच शंभरात दोन इतका आहे आणि दुसरा दहा हजारांत एक. दोन्ही एकत्र असलेला माणूस अडीच लाखांत एक येतो, तोही तुमच्याच लोकांतल्या अडीच लाखांत. जर्मनीतले कोटभर दाते तिथे शून्याने गुणल्यासारखे.

गोव्याच्या बाबतीत "तुमचे लोक" म्हणजे कोण, हाही प्रश्नच आहे. वहिनींच्या माहेरचं कुलदैवत मूळ साष्टीतलं, सोळाव्या शतकात देव अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आला आणि मागोमाग घराणीही. काही तिथेच राहिली आणि ख्रिस्ती झाली, काही कारवार-मंगळूरकडे उतरली. गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांवर भारतीय शास्त्रज्ञांचा २०२१ मध्ये जो जनुकीय अभ्यास आला, त्यात ते बहुतांशी गौड सारस्वतांच्या अगदी जवळचे निघाले. म्हणजे वहिनींचा दाता मडगावच्या चर्चमागे राहत असू शकतो, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये कुठल्या तरी गोदामात रात्रपाळी करत असेल. मी गंमत म्हणून सांगत नाही. दाता मोहिमा आम्ही देवळाच्या सभागृहात घेतो तशा चर्चच्या आवारात घ्यायला हव्यात, असं मी तेव्हापासून धरूनच बसले आहे.

शोधाचा निकाल जुलैत आला. पूर्ण जुळणारा एकही नाही. एक नाव आशेचं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी नोंदलेलं, तेव्हा फक्त मोठे गट तपासलेले: ए२, ए३३, बी४०, बी४४, डीआर७, डीआर१५. सगळं बरोबर. माणूस सापडला, तयारही होता. बारकाईने तपासल्यावर त्याचा डीआर१५ हा १५:०२ निघाला आणि बी४० हा ४०:०१. वहिनींचे १५:०१ आणि ४०:०६. टिंबांच्या उजवीकडची गोष्ट.

अशा वेळी हल्ली अर्ध्या जुळणीचा रस्ता असतो. एक संच जुळणारा नातेवाईक घ्यायचा आणि मॅरो दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस द्यायचा. दात्याच्या ज्या टी-पेशी तोवर पेशंटच्या शरीरावर उठून बसलेल्या असतात त्या त्यात मरतात, मूळपेशी तगतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून ही रीत जगभर गेली, आणि ज्यांना नोंदणीत दाता मिळत नाही अशा आपल्यासारख्या देशांत ती फार उपयोगी ठरली. आई-वडील आणि मुलं अर्धी जुळतातच, हे त्यातलं ठोकळ गणित. वहिनींचे आई-वडील हयात नाहीत. मुलं दोन, मुलगी बावीसची, मुलगा एकोणीसचा.

वहिनींनी मुलांचं नाव काढू दिलं नाही. शेवटी मुलीने आठवडाभर अबोला धरला, तेव्हा तिच्यापुरती परवानगी मिळाली. "पण पोराला हात लावायचा नाही हां ताई. सुई बघून आजपण डोळे मिटतो तो."

मुलगी हिशेबाप्रमाणे अर्धी जुळली. मग दुसरी चाचणी, आईच्या रक्तात मुलीविरुद्ध प्रतिद्रव्यं (परक्या पेशींना धरणारी प्रथिनं) आहेत का याची, आणि ती जोरात पॉझिटिव्ह आली. हे अचानक काही घडलेलं नसतं. गरोदरपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात, त्यांवर बापाकडचे पत्ते असतात, आईचं शरीर ते परके म्हणून नोंदवून ठेवतं. बाळाचं त्याने बिघडत नाही. पण वीस-बावीस वर्षांनी तेच बाळ दाता म्हणून आलं, तर रोपण रुजण्याआधीच हाणून पाडलं जाऊ शकतं. मुलीला बापाकडून आलेला संच होता ए*२४:०२, बी*५२:०१, डीआरबी१*१५:०२, आणि वहिनींची प्रतिद्रव्यं बी*५२ वरच सगळ्यात जास्त. हाच संच जपानमध्ये सर्वाधिक आढळतो. जगाच्या यादीत जो पोत्याने मिळेल, नेमका तोच या बाईला चालणार नव्हता. प्लाझ्मा बदलून आणि औषधं देऊन प्रतिद्रव्यं उतरवता येतात, डॉक्टर म्हणाले, पण इतक्या चढ्या आकड्याला भरवसा नाही.

मुलाचं काय, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं की तोही अर्धाच जुळणार, त्यालाही बापाचा एक संच असणारच, आणि आईचा नकार आहे तो आहे. मला तेव्हा ते पटलं. हे नोंदवून ठेवते.

चतुर्थीला बोलावलं ते वहिनींच्या थोरल्या भावाने. वडिलांकडची सगळी चुलत भावंडं मूळ घरी एकत्र येतात, मुंबई-पुण्याचीसुद्धा, तेव्हा नमुने घेऊन टाका म्हणाला. चुलत भावंडांत पूर्ण जुळणी क्वचितच निघते, हे मी त्याला सांगितलं. पण वर्षातून एकदाच अकरा तरुण माणसं एका छपराखाली मिळणार, आणि नाही जुळली तरी ती नोंदणीत जातील, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील. मी गेले.

वसरीवर पाट टाकून बसले. आत गणपतीवर माटोळी बांधलेली, कातळफुलं, कांगलां, सुपाऱ्यांचे घड, नारळ, सगळा रानाचा ओला वास. वहिनी दोन केमोंच्या मधल्या दिवसांत घरी आलेल्या. फुलं-माती जवळ नको म्हणून त्यांना समोरच्या खोलीत दाराशी खुर्ची दिली होती, तोंडाला मास्क, आरती त्यांनी तिथूनच म्हटली. गालाच्या आतून नमुना घ्यायचा तर आधी अर्धा तास काही खायचं नसतं. चतुर्थीच्या घरात हे सांगणं म्हणजे शत्रुत्व पत्करणं. प्रत्येक जण नेवरी हातात घेऊन रांगेत. एकाला तीनदा परत पाठवलं. कापसाची काडी गालाला आतून घासायची, मिनिटभर फिरवत राहायची, वाळू द्यायची, लखोट्यात घालायची, लखोट्यावर नाव. पोरं एकमेकांचे फोटो काढत होती.

मधल्या वेळात मी वंशावळ काढायला घेतली. वडिलांची बाजू भरभर भरली. "आणि आजोळची माणसं?" मी दारातून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ती काय, घरीच असतात." वहीत मी लिहिलं: आजोळ, नंतर. तेवढ्यात त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "मामी, देवाला दिवा लावला? मामंजींच्या फोटोला हार घातला ना?" मी काड्या मोजत होते.

निघताना मुलगा मागच्या दाराने आला. "एक काडी उरली असेल तर माझं पण घ्या. मी एकोणीसचा आहे, सही मीच करणार." काडीला सुई नसते, हे त्याने तासभर बघून घेतलं होतं. मी घेतला नमुना. आईने नाही म्हटलं होतं, पण आई त्याच्या वतीने नाही म्हणू शकत नव्हती. तरी तो बारावा लखोटा पिशवीत ठेवताना चोरी केल्यासारखं वाटलंच.

आणि मग तो फोन. अकरा चुलत भावंडांत दोघं-तिघं एका संचापुरती जुळत होती. बाराव्यात मात्र ए*०२:११ एकटा, बी*४०:०६ एकटा, डीआरबी१*१५:०१ एकटा. यंत्राने एक प्रकार गाळला अशी शंका घेणं रास्तच होतं, असं कधी कधी होतं. दुसरा नमुना रक्ताचा घेतला. पोराने डोळे मिटले. पुन्हा तेच.

एकाच संचाच्या दोन प्रती. म्हणजे आईकडून जो आला तोच बापाकडूनही. जो संच जगाच्या यादीत कुठे दिसला नव्हता, तो नवरा-बायको दोघांकडेही कसा? मी फॉर्म काढला. "नात्यात विवाह" या रकान्यासमोर माझ्याच अक्षरात: नाही.

फोन केला. "वहिनी, सासऱ्यांना मामंजी का म्हणता?"

"मग काय म्हणू? मामाच ना ते माझे. आईचे सख्खे भाऊ."

सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई किंवा मामी म्हणण्याची आपली जुनी रीत. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याच्या चालीतून ते शब्द आले, चाल पुष्कळ घरांतून गेली, शब्द मानाचे म्हणून राहिले. कोकणीतही सासरा तो मांवच. माझ्या कानाला "मामंजी" म्हणजे नुसता आदर. या घरात तो शब्दशः होता. आजोळ आणि सासर एकच, म्हणून आजोळची माणसं "घरीच असतात".

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, नात्यात लग्न झालंय का म्हणून?"

"ते होय. मला वाटलं तुम्ही त्या सख्ख्या-बिख्ख्यातलं काहीतरी विचारताय, आजारपण येतं तसलं. हे तर घरातलंच लग्न. याला कोण नात्यातलं म्हणतं?"

यजमानांचा नमुना तपासला. एक संच बी*५२ वाला, जो मुलीला गेला. दुसरा बी*४०:०६ वाला, वहिनींच्या आईच्या माहेरचा, मामांमार्फत आलेला. मुलाला दोन्हीकडून तोच. असं व्हायची शक्यता आधी काढली असती तर सोळात एक आली असती, फार नाही. पण तो प्रश्न जूनमध्ये विचारायला हवा होता, तो ऑक्टोबरमध्ये विचारला गेला.

मुलगा पूर्ण जुळणारा नव्हता, हे सगळ्यांना समजावताना दोन बैठका गेल्या. वहिनींकडे वडिलांचा जो संच आहे तो त्याच्याकडे नाही, त्यामुळे त्याच्या पेशी आईच्या शरीराला परकं मानू शकतात. तो धोका इतर अर्ध्या जुळणीइतकाच, आणि त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा डोस होताच. पण उलट बाजूने पाहिलं तर त्याच्याजवळ वहिनींकडे नाही असा एकही पत्ता नव्हता. त्यांची प्रतिद्रव्यं कितीही चढी असोत, त्याच्यावर धरायला त्यांना काही सापडणारच नव्हतं. मुलीच्या वाटेत जो अडसर होता तो इथे मुळातच नाही.

वहिनींना राजी करणं हे माझं काम नव्हतं आणि मी ते केलं नाही. ते मामींनी केलं. पंचाहत्तरीच्या बाई, दवाखान्याच्या बाकावर सुनेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईच्या घरचं आहे ते, गो. माझ्या घरचं नव्हे. तुझंच तुला परत घ्यायला काय झालं?" मामींच्या घरचा तो बी*५२ होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रोपण नोव्हेंबरात झालं, गोव्याबाहेर. अठराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. हाता-पायांवर पुरळ उठलं, स्टेरॉइडने बसलं. ताप, तोंड येणं, एकदा जंतुसंसर्ग, हे सगळं झालं, त्याचे तपशील डॉक्टरांनी लिहावेत. महिन्याने तपासणीत वहिनींच्या रक्तपेशींत एक्स-वाय गुणसूत्रं दिसली, म्हणजे रक्त मुलाचं. आज त्यांच्या रक्तातले एचएलए प्रकार तपासले तर बी*४०:०६ एकटाच येईल. वडिलांकडचा संच आता फक्त कातडीत, केसांच्या मुळांत वगैरे.

नऊ महिने झाले. औषधं कमी होत आहेत. अकरा चुलत भावंडांपैकी नऊ जण नोंदणीत राहिले, दोघांनी नंतर नाव काढून घेतलं, तो त्यांचा हक्क आहे.

छापील फॉर्मवर तो रकाना अजून तसाच आहे. मी त्याच्या बाजूला पेन्सिलने लिहिते: सासूबाईंना लग्नाआधी काय म्हणत होतात? बहुतेक बायका हसतात, म्हणतात लग्नाआधी कुठे ओळख होती. गेल्या महिन्यात केपेच्या एका बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आत्या."